मंगोलांची गुप्त बखर आणि आमचे चरित्रलेखन

मराठी भाषेत ‘मोगलाई’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ मुलखाचा : पूर्वी निजामाच्या अमलाखालील प्रदेशास आमचे लोक मोगलाई म्हणत. दुसरा अर्थ अमलाच्या रीतीचा : जेथे दाद ना फिर्याद आणि बळी तो कान पिळी, तेथे ‘मोगलाई माजली’ असे आम्ही आजही सहज बोलून जातो. हा दुसरा अर्थ कोणा कोशकाराने कल्पनेने रचलेला नाही. आमच्या पूर्वजांनी तो भोगून भाषेत आणलेला आहे. पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या वाटेवरील चाकण हे गाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु १६६० च्या २१ जून रोजी तेथील संग्रामदुर्ग नामक भुईकोटास शायिस्ताखानाचा वेढा पडला, तेव्हा या शब्दाचा अर्थ तेथील कुणब्यास कोणी समजावून सांगावा लागला नसेल. फिरंगोजी नरसाळा याने तो लहानसा कोट भर पावसाळ्यात पंचावन्न दिवस लढविला. १४ ऑगस्ट रोजी सुरुंगाने बुरूज उडाला, दुसऱ्या दिवशी कोट पडला, आणि चाकणचे नाव इस्लामाबाद झाले.

‘मोगल’ हे ‘मंगोल’ या नावाचेच फारशी वळण होय. बाबर पित्याकडून तैमूरचा वंशज, आणि माता कुत्लुग निगार खानम हिच्याकडून चंगीझखानाचा. गंमत अशी की, बाबर स्वतःस तुर्क समजे, आणि आपल्या आत्मचरित्रात मंगोल सैनिकांविषयी त्याने फारसे बरे लिहिलेले नाही. तरी नियतीने त्याच्या घराण्यास तेच नाव चिकटविले. या नावाचे एक टोक असे चाकणच्या तटापर्यंत येऊन पोहोचलेले आम्हांस ठाऊक आहे. दुसरे टोक, म्हणजे बाराव्या शतकातील ओनोन नदीच्या काठचा तो बापाविना पोरका मुलगा, आमच्या वाचकांस बहुधा ठाऊक नसतो. चंगीझखान म्हणजे नरमुंडांचे मनोरे रचणारा कोणी राक्षस, आणि नावात ‘खान’ असल्यामुळे मुसलमान, एवढ्यावर आमची माहिती संपते. वस्तुतः ‘खान’ ही स्टेपवरील राजपदवी आहे. आणि हा मनुष्य शाश्वत नील आकाशाचा उपासक होता.

त्याच्या पूर्वायुष्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा ग्रंथ. आम्ही त्यास ‘गुप्त बखर’ म्हणतो, कारण त्याची घडण आमच्या बखरींस जवळची आहे : तीच कुळकथा, तीच संभाषणे, तेच मधूनमधून पद्याकडे झुकणारे गद्य. चंगीझखान १२२७ साली वारला. त्यानंतर एका ‘उंदराच्या वर्षी’ केरुलेन नदीच्या काठी भरलेल्या मोठ्या सभेच्या वेळी हा ग्रंथ लिहून पुरा झाला, असे त्याच्या अखेरीस म्हटले आहे. हे वर्ष १२२८ चे की त्यानंतरचे, याविषयी पंडितांत मतभेद आहे. मूळ लिपीतील प्रत काळाच्या उदरात गेली. चीनमधील मिंग राजवटीत दुभाष्यांना मंगोल भाषा शिकविण्यासाठी चिनी अक्षरांत उतरवून घेतलेला पाठ तेवढा वाचला. पॅलेडियस या रशियन साधूने १८६६ साली त्याची ओळख युरोपास करून दिली, हेनिश याचे जर्मन भाषांतर १९४१ साली आले, आणि क्लीव्ह्ज (१९८२) व दे राखेविल्त्स (२००४) यांच्या इंग्रजी भाषांतरांमुळे आज तो सामान्य वाचकाच्या आटोक्यात आहे. ग्रंथाचे २८२ लहानमोठे परिच्छेद आहेत. राजकुळातील माणसांनीच वाचावा या हेतूने तो लिहिला गेला असावा, असे त्याच्या नावावरून व मजकुरावरून दिसते. आणि त्याचे वैशिष्ट्यही यातच आहे.

ग्रंथाचा आरंभ मात्र आमच्या ओळखीचाच आहे. नायक जन्मास येतो तो मुठीत रक्ताची गाठ धरून. त्याच्या भावी सासऱ्यास स्वप्न पडते की, एक शुभ्र ससाणा सूर्य आणि चंद्र पंजांत धरून आपल्या हातावर येऊन बसला. आमच्या कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९४ साली जिंजीस जी बखर लिहिली, तीतही शंभुमहादेव स्वप्नात येऊन आपण अवतार घेतल्याचे सांगतात. असे शकुन हा चरित्रकाराने राजपदास दिलेला मुजरा होय. त्याबद्दल आम्ही कोणासच दोष देणार नाही. प्रश्न आहे तो मुजरा झाल्यानंतर लेखक काय करतो, हा.

गुप्त बखरीचा लेखक मुजरा करून लगेच खाली बसतो आणि घरातल्या गोष्टी सांगू लागतो. नऊ वर्षांच्या तेमुजिनास त्याचा बाप येसुगेई भावी सासऱ्याच्या घरी ठेवून निघतो, तेव्हा व्याह्यास बजावतो की, पोराला कुत्र्यांची भीती वाटते, तेवढे जपा. पुढे ज्याच्या घोड्यांच्या टापांनी चीनपासून कास्पियन समुद्रापर्यंतची राज्ये हादरली, त्याच्याविषयी त्याच्याच घराण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथातील ही पहिली माहिती! वाटेत तातार येसुगेईवर विषप्रयोग करतात. तो मरताच तायचिउत भाऊबंद त्याची विधवा होएलुन आणि तिची कच्चीबच्ची यांना उघड्या माळावर टाकून तळ हलवितात. ती माउली कंबर बांधून ओनोनच्या काठाने रानफळे वेचते, मुळ्या खणते आणि पोरे जगविते. पुढे एका माशावरून आणि एका पाखरावरून भांडण होते, आणि तेमुजिन व खासार हे दोघे आपला सावत्र भाऊ बेख्तेर यास बाणांनी ठार मारतात. लेखक हे लपवीत नाही, आणि त्याचे समर्थनही करीत नाही. तो होएलुनला बोलू देतो. आणि ती एकामागून एक हिंस्र पशूंची उपमा देऊन पोरांना असे झोडपते की, हा प्रसंग लेखकास लज्जास्पद वाटत होता याविषयी शंका राहत नाही.

कोणी म्हणेल, रानटी लोकांना कसली लाज? जे घडले ते त्यांनी भाबडेपणाने लिहून ठेवले, यात कला ती काय? या आक्षेपास उत्तर पुढच्या इतिहासकारांनीच देऊन ठेवले आहे. सुमारे ऐंशी वर्षांनी इराणच्या मंगोल दरबारात वजीर रशीदुद्दीन याने आपला प्रचंड इतिहास सिद्ध केला. त्यात बेख्तेरच्या वधाचा मागमूस नाही. तेमुजिनाची पत्नी बोर्ते हिला मर्किट टोळीने पळवून नेल्याची हकीकत तर त्याने चक्क धुऊन स्वच्छ केली आहे. गुप्त बखरीत शत्रू येताच तेमुजिन आपल्या घोड्यावरून डोंगरात निसटतो, आणि बोर्तेसाठी घोडा उरत नाही. ती शत्रूच्या हाती पडते, त्यांच्यापैकी एकाच्या स्वाधीन केली जाते, आणि सुटून आल्यावर झालेल्या थोरल्या मुलाचे पितृत्व जन्मभर संशयात राहते. ख्वारझमच्या स्वारीपूर्वी भरलेल्या सभेत धाकटा चगताई बापासमोरच थोरल्या जोचीस मर्किटांचा म्हणून हिणवितो, इतकी ती जखम उघडी आहे. रशीदुद्दीनच्या ग्रंथात मात्र मर्किट लोक बोर्तेला तोघ्रुलखानाकडे पाठवितात, तो तिला सुनेप्रमाणे वागवितो आणि सन्मानाने परत धाडतो. दरबाराची प्रतिष्ठा वाढली तसा पूर्वजाचा इतिहास सोवळा होत गेला. तेव्हा पहिल्या लेखकाने जे लिहिले ते केवळ भाबडेपणाने नव्हे. जे पुढे झाकावेसे वाटले, ते त्याने जाणूनबुजून उघडे ठेवले.

असे का ठेवले? आमच्या मते या ग्रंथाचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. गुप्त बखर ही पराक्रमाची गाथा नसून एक खतावणी आहे. अडचणीच्या दिवसांत कोणी काय दिले आणि कोणी काय हिरावले, याच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू तीत काटेकोर मांडलेल्या आहेत. नायकाची दैन्यावस्था लपविली तर जमेच्या बाजूच्या रकमा लिहिताच येणार नाहीत. म्हणून लेखकास ती लपविणे परवडत नाही.

एक रक्कम पाहा. तायचिउतांनी पकडून मानेत लाकडी खोडा घातलेला तेमुजिन एका रात्री पहारेकऱ्यास त्याच खोड्याने पाडून पळतो आणि नदीच्या पाण्यात नाकाएवढा वर राहून पडून असतो. शोधणाऱ्यांपैकी सोर्खान शिरा नावाचा एक साधा मनुष्य त्यास पाहतो, आणि न पाहिल्यासारखे करतो. पुढे तेमुजिन त्याच्याच घरी येऊन उभा राहतो, तेव्हा सोर्खान घाबरतो. पण त्याची मुले खोडा काढून जाळून टाकतात, मुलगी त्याची सेवा करते, आणि त्याला लोकरीने भरलेल्या गाड्यात दडविले जाते. झडतीवाले लोकर उपसू लागतात. अशा उकाड्यात लोकरीत माणूस जगेल कसा, एवढाच प्रश्न सोर्खान विचारतो, आणि ते निघून जातात. शेवटी तो पाहुण्यास एक घोडी, शिजविलेले कोकरू, धनुष्य आणि दोन बाण देऊन वाटेस लावतो. तेमुजिनाचे चोरीस गेलेले आठ घोडे सोडविण्यास बापाला न विचारता निघालेला बोऊर्चू ही दुसरी रक्कम. शत्रूचा रात्रीचा बेत कानी पडताच धावत येऊन सावध करणारे बादाई आणि किशिलिक हे दोन गुराखी ही तिसरी.

नावेची बाजूही तितकीच चोख आहे. मर्किटांनी बोर्तेला पळविले ते उगाच नव्हे. येसुगेईने पूर्वी होएलुनला मर्किटाच्या हातून पळवून आणले होते, त्याची ती फेड होती. तातारांनी बापाला विष दिले त्याची फेड १२०२ साली झाली : गाड्याच्या आसाच्या खिळीहून जो जो पुरुष उंच, त्याचा त्याचा वध करण्याचे ठरले. तोघ्रुलखान या मानलेल्या पित्याशी बिनसते, तेव्हा तेमुजिन त्यास जासुदांबरोबर जो निरोप धाडतो, तो म्हणजे बापाने आणि आपण केलेल्या उपकारांचा कलमवार ताळेबंदच आहे. बालपणचा शपथबंधू जमुखा त्याच्याच माणसांकडून बांधून आणला जातो, तेव्हा आधी त्या स्वामिद्रोह्यांस देहदंड होतो आणि मग जुन्या मैत्रीचा हिशेब निघतो. १२०६ साली ओनोनच्या उगमाजवळ भरलेल्या महासभेत ‘चंगीझखान’ ही पदवी धारण केल्यावर त्याने काय केले? त्याने खतावणी मिटविली. पंचाण्णव हजारी पथकांच्या नायकांची नावे ग्रंथात एकामागून एक येतात. त्यांत मेंढपाळ आहेत, सुतार आहेत, कालचे शत्रूही आहेत. सोर्खान शिरा यास मागेल ते कुरण आणि नऊ अपराधांची माफी मिळते. शिगी खुतुखू या न्यायाधीशास निवाडे वहीत लिहून ठेवण्याची आज्ञा होते. ज्यास स्वतःस अक्षर येत नव्हते, त्याने उइगुर लिपी आणवून राजपुत्रांना शिकविली. मंगोलांचा अंमल उभा राहिला तो केवळ क्रौर्यावर नव्हे. कुळापेक्षा ऋण मोठे मानणे आणि टोळीच्या नात्याऐवजी दहा-शंभर-हजारांच्या पथकांनी माणसे बांधणे, या दोन गोष्टींवर तो उभा होता. ज्या नावापासून आमचा बेबंदशाहीचा शब्द निघाला, त्या नावाच्या मूळपुरुषाने आपल्या लोकांपुरते तरी बेबंदशाहीचे निर्मूलन केले, हे सत्य मान्य करावयास आम्ही कचरू नये.

परंतु ‘आपल्या लोकांपुरते’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहिले आहेत. खतावणीत ज्यांचे खाते नाही त्यांचे काय? येथे या ग्रंथाची मर्यादा उघडी पडते, आणि ती लहान नाही. ज्या लेखकाने एका गाड्यातील लोकर आठवणीने नोंदविली, तो ख्वारझमची स्वारी मोजक्या परिच्छेदांत उरकतो. परदेशच्या मोहिमांचा कालक्रमही त्याच्याकडून उलटापालटा होतो. १२२१ साली मर्व्ह आणि निशापूर या नगरांची जी दुर्दशा झाली, तिच्यासाठी आम्हांस दुसरीकडे जावे लागते. मोसुलचा इब्न अल-अथीर सांगतो की, ही आपत्ती लिहावी की नाही या विचारात आपली कित्येक वर्षे गेली. जुवैनी हा तर मंगोलांचाच चाकर, पुढे बगदादचा कारभारी. तरी आपल्या धन्यांनी उद्ध्वस्त केलेल्या शहरांचा शोक त्याच्या लेखणीस आवरला नाही. त्या काळच्या ग्रंथांतील मृतांचे आकडे अतिशयोक्त आहेत, हे मान्य; पण आकडे खोटे ठरले म्हणून शोक खोटा ठरत नाही. गुप्त बखर जिंकणाऱ्याचे अंतःकरण दाखविते. जिंकले गेलेल्यांचे मुखही दाखवीत नाही. ती एकटी वाचणारा वाचक मोहून जाईल, आणि तिच्यावाचून दुसरे सर्व वाचणारा वाचक केवळ द्वेष शिकेल. दोन्ही एकत्र वाचावीत, हाच शहाणपणाचा मार्ग.

आता आमच्या घराकडे वळू. चाकणच्या वेढ्याचेच उदाहरण घ्या. त्यात मोगलांचे २६८ लोक पडले आणि ६०० जखमी झाले, असा आकडा यदुनाथ सरकारांनी आपल्या १९१९ च्या शिवचरित्रात दिला आहे. हल्ला करणाऱ्यांच्या दरबारी लेखकाने आपली माणसे मोजली होती, म्हणून तो आकडा आम्हांस आज मिळतो. कोटाच्या आत पंचावन्न दिवस जे पावसात उभे होते, त्यांच्यापैकी फिरंगोजीचे नाव सर्वांस ठाऊक आहे. बाकीच्यांची खाती कोणत्या वहीत आहेत?

हा दोष एकट्या सभासदाचा नव्हे. त्याने महाराजांच्या गडांच्या, सरदारांच्या आणि कारखान्यांच्या ज्या याद्या दिल्या आहेत, त्या अमोल आहेत. पण बालपण मात्र तोही झपाट्याने ओलांडतो. आणि त्याच्यामागून आलेल्या बखरकारांनी ते रिकामे पान चमत्कारांनी भरले. त्यांच्या काळविपर्यासावर राजवाड्यांनी १८९८ सालीच कोरडे ओढले. तरीही आमच्या घरोघरच्या बालचरित्रांत आजही बखरकारांचेच राज्य आहे. महापुरुष जन्मतःच सर्व जाणतो, त्याला भीती शिवत नाही, तो कोणाचे काही लागत नाही, अशी ही चरित्रे. अशा चरित्राने नायक मोठा होतो असे लेखकास वाटते. प्रत्यक्षात त्याच्या भोवतालची सर्व माणसे तेवढी लहान होतात.

वस्तुतः आमची खतावणी हरवलेली नाही. ती फक्त बखरीत नाही. ती देशमुखांच्या आणि देशपांड्यांच्या दप्तरांत, महजरांत आणि करीन्यांत पडलेली आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या कोरड्या तिथींनी कितीतरी बखरींचे पाल्हाळ निकालात काढले. त्याच घराण्याच्या करीन्यात १६५९ सालचा प्रसंग आहे. अफझलखान चालून येत आहे, आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांच्या हाती आहे, शेजारचा देशमुख खानास मिळालेला आहे. महाराज कान्होजींस वतन राखण्याची वाट मोकळी करून देतात. आणि तो वृद्ध पुरुष पाच मुलांसमक्ष वतनावर पाणी सोडतो. सोर्खान शिराच्या लोकरीच्या गाड्याहून हा प्रसंग तिळमात्र उणा नाही. यात महाराजांचे जे मोठेपण दिसते, ते कोणत्याही स्वप्नाने वा दृष्टांताने दिसणार नाही. कारण येथे एक माणूस आपले सर्वस्व दुसऱ्याच्या शब्दावर टाकीत आहे, आणि तो शब्द कसा असला पाहिजे हे वाचकास आपोआप कळते.

आमचे म्हणणे भलतीकडे ओढले जाऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो : चंगीझखान आणि शिवछत्रपती यांची तुलना आम्ही करीत नाही. एकाने परक्यांची नगरे बेचिराख केली, दुसऱ्याने आपल्या रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची ताकीद दिली. त्यांच्यात तुलना होऊ शकत नाही. तुलना आहे ती त्यांच्या चरित्रकारांची. ओनोनकाठच्या त्या अज्ञात लेखकास आपल्या राजाची कुत्र्यांची भीती सांगण्याचे धैर्य होते, कारण त्या भित्र्या मुलास कोणी कोणी हात दिला हे त्यास सांगावयाचे होते. एवढे धैर्य आमच्या चरित्रकारांनी त्याच्याकडून अवश्य उसने घ्यावे. गुप्त बखरीचे समग्र आणि सटीप मराठी रूप आमच्या वाचनालयांत मूळच्या कागदपत्रांशेजारी असावे, आणि आमच्या मुलांसाठी जो कोणी पुढचे शिवचरित्र लिहील, त्याने पहिल्या प्रकरणास बसण्यापूर्वी जेध्यांचा करीना एकवार वाचावा, अशी आमची त्यास विनंती आहे.